मार्कर वाडन : गाळाच्या बेटांवरील एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२४

हंगामाची ही नोंदवही आजपासून मराठीत ठेवीत आहे. स्वयंसेवक गटाचा अहवाल डच भाषेत जातोच, पण त्यात काय केले एवढेच मावते. ते का केले, आणि करावे की नाही यावर धक्क्यावर उभ्या उभ्या जो वाद झाला, तो तिथे कुणी लिहीत नाही. माणसाने बांधलेल्या बेटावर निसर्ग किती स्वतःहून येतो आणि कुठे त्याला हात द्यावा लागतो, हे कामाच्या ओघात तपासत जायचे, एवढाच या नोंदींचा हेतू आहे.

पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवतो. नेदरलँड्समधील मार्करमेअर हे सुमारे ७०० चौरस किलोमीटरचे गोड्या पाण्याचे सरोवर मुळात समुद्राचा भाग होते. १९३२ मध्ये अफस्लाउटडाइक हा मोठा बांध पूर्ण झाला आणि झाउडरझे या खाडीचे तळे झाले. पुढे १९७० च्या दशकात एन्कहाउझन ते लेलिस्टाट असा आणखी एक बांध घालून त्या तळ्याचे दोन भाग करण्यात आले. दक्षिणेकडचा भाग उपसून तिथे शेतजमीन करायची, असा बेत होता. तो बेत रेंगाळत गेला, विरोध वाढला आणि अखेर सोडून द्यावा लागला, पण बांध मात्र राहिला. परिणामी सरासरी तीन-चार मीटर खोलीचे, चहूबाजूंनी दगडी काठांनी बंदिस्त झालेले आणि वाहून जायला वाट नसलेल्या गाळाचे हे तळे मागे उरले. वारा सुटला की तळाचा बारीक गाळ ढवळून वर येतो, पाणी गढूळ होते, प्रकाश खाली पोहोचत नाही, पाणवनस्पती व शिंपले कमी होतात आणि त्यांच्या मागोमाग मासे व पक्षीही. नाटूरमोन्युमेंटन या निसर्गसंस्थेने यावर सुचवलेला उपाय असा होता, की तोच गाळ उचलून त्याची बेटे करावीत. २०१२ मध्ये एका राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून या कल्पनेला दीड कोटी युरो मिळाले, सरकार आणि प्रांत पुढे आले, २०१६ मध्ये बॉस्कालिस कंपनीच्या जहाजांनी काम सुरू केले आणि २०१८ च्या सप्टेंबरात बंदर असलेले बेट लोकांसाठी खुले झाले. आधी पाच बेटे झाली, नंतर आणखी दोन; हीच मार्कर वाडन. माणसांना फिरायला एकच बेट आहे. बाकीची पक्ष्यांसाठी बंद आहेत.

आजचे काम वाळू-शिंपल्यांच्या पट्ट्यावरचे होते. सुरय आणि उचाट्या हे पक्षी घरटे बांधत नाहीत असे म्हटले तरी चालेल, कारण उघड्या जमिनीवर एक उथळ खळगा केला की त्यांचे भागते. मात्र जमीन खरोखरच उघडी असावी लागते, कारण दूरवरून येणारा शिकारी त्यांना दिसला पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात या पट्ट्यावर गवत आणि पाणकणसाची रोपे चढली होती. दाताळ्यांनी आणि कुदळींनी ती मुळासकट काढली व ओढून बांधाच्या कडेला रचली. वारा अंगात शिरत होता, पण मार्चअखेर पक्षी उतरू लागतात आणि एकदा ते उतरले की आम्हाला तिथे पाऊल टाकता येत नाही. त्यामुळे हे काम थंडीतच उरकावे लागते.

१६ मार्च २०२४

पाण्याच्या पट्ट्या तपासण्याचा दिवस. बेटांवरील बांधांनी वेढलेल्या अंतर्गत कप्प्यांमध्ये लाकडी खांबांवर ठोकलेल्या मोजपट्ट्यांवर शेवाळ चढले होते, ते घासून आकडे वाचता येतील असे केले. एक खांब तिरका झाला आहे. खालचा गाळ अजून बसतो आहे, याचीच ती खूण.

पाण्याची पातळी ही इथली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी बाब आहे. नैसर्गिक सरोवर हिवाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात ओसरते, आणि काठावरच्या वनस्पतींचे सारे वेळापत्रक त्या ओसरण्यावर बेतलेले असते. मार्करमेअरमध्ये गेली कित्येक दशके नेमके उलटे चालत आले. हिवाळ्यात पुराला जागा हवी म्हणून पाणी अॅमस्टरडॅमच्या प्रमाण पातळीखाली ४० सेंटीमीटरवर उतरवायचे आणि उन्हाळ्यात शेतीला पाणी लागते म्हणून ते त्याच पातळीखाली २० सेंटीमीटरपर्यंत चढवून ठेवायचे. २०१८ च्या नव्या निर्णयाने उन्हाळ्यातील पातळी १० ते ३० सेंटीमीटरच्या दरम्यान हलती ठेवण्याची मुभा मिळाली, ही मोठीच सुधारणा. तरीही वीस सेंटीमीटरच्या त्या खिडकीत एका पाणथळीचे वर्ष बसवायचे, तर फार ओढाताण होते. बेट कितीही रानटी दिसले तरी त्याच्या भोवतीचे पाणी हिशेबाने चढवले-उतरवले जाते, हे विसरून इथल्या कोणत्याही बदलाचा अर्थ लावता येणार नाही.

१३ एप्रिल २०२४

उचाट्या आले आहेत. निरीक्षणकुटीच्या फटीतून त्यांची वर वळलेली चोच उथळ पाण्यात डावी-उजवी फिरताना स्पष्ट दिसते. चोच मातीत खुपसून ते शोध घेत नाहीत, तर पातळ चिखलाच्या वरच्या थरातून ती कोयत्यासारखी ओढत नेतात, आणि स्पर्शाने जे लागेल ते टिपतात. चिखल घट्ट झाला की ही पद्धत निरुपयोगी ठरते. म्हणून बेट जितके जुने होईल तितके ते उचाट्यांच्या दृष्टीने निकामी होत जाईल.

कंठेरी चिखल्याचीही एक जोडी बांधाच्या खडीवर दिसली. पट्टा साफ केलेल्या भागावर सुरय अजून उतरलेले नाहीत. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून त्यांचा प्रवास चालू असेल.

उचाट्या पाहिला की नाशिककडच्या कुणालाही नांदूरमध्यमेश्वर आठवणारच. तुलना एका मर्यादेपर्यंत खरी आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बंधारा बांधला गेला, त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, गाळाची बेटे झाली, त्यांवर पाणकणीस माजले आणि पक्षी आले. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून आज आपण ज्याचा अभिमान बाळगतो, ते कुणीही ठरवून केलेले नाही. मार्करमेअरमध्ये गाळाचे दुखणे होते, ते खर्च करून बेटांत रूपांतरित केले. नांदूरला दुखणे आणि देणगी दोन्ही एकाच बंधाऱ्याने दिली. मात्र हेच पक्षी तिथे हिवाळ्यात जातात, असे कुणी समजू नये. इथले पक्षी अटलांटिकच्या काठाने दक्षिण युरोप आणि आफ्रिकेकडे जातात, आपल्याकडे येणारे मध्य आशियाच्या मार्गाने उतरतात. जात एक, पण वाटा वेगळ्या.

२७ एप्रिल २०२४

वाऱ्यामुळे फेरीबोट सुटली नाही. लेलिस्टाटच्या धक्क्यावरून परत फिरलो. पाण्याचा रंग दुधाळ चहासारखा झाला होता. गाळ ढवळला जातो म्हणजे काय, हे समजावून सांगायला आजच्यासारखा दिवस नाही.

११ मे २०२४

एका बंद कप्प्यात मातीचे नमुने घेणाऱ्या संशोधकांच्या मदतीला आमच्यापैकी काहींना नेले. बेटे नेमकी कशी बांधली, हे तिथे पायाखाली कळते, म्हणून सविस्तर लिहितो.

सरोवराच्या तळाशी वर मऊ गाळ, त्याखाली जुनी चिकणमाती आणि तिच्याही खाली हिमयुगातील वाळू आहे. ड्रेजरने खोल खड्डा घेऊन ती वाळू वर काढली आणि तिचे गोलाकार बांध घातले. मग वरचा गाळ व चिकणमाती पाण्यात कालवून नळांतून त्या बांधांच्या आत सोडली. आत पडते ते जमीन नसते, ते जाडसर ताक असते. त्यातले जड कण नळाच्या तोंडाशी बसतात, हलके दूर वाहत जातात, म्हणून एकाच कप्प्यात एका टोकाला बऱ्यापैकी घट्ट आणि दुसऱ्या टोकाला कित्येक वर्षे न बसणारा चिखल मिळतो. मग स्वतःच्याच वजनाने तो दबतो, पाणी वर येते, ते काढून टाकावे किंवा सुकू द्यावे लागते, आणि पृष्ठभाग खाली खाली जात राहतो. किती खाली जाईल याचा अंदाज चुकला तर पाणथळीऐवजी तळे तयार होते किंवा कोरडे कुरण.

वरचा थर उन्हाने तडकून बहुकोनी खपल्यांचा झाला होता. खपली करड्या रंगाची, उचलली तर खालची बाजू काळीशार आणि तिला गंधकाचा दर्प; हवा पोहोचलेली आणि न पोहोचलेली माती यांच्यातील सीमा बोटाच्या एका पेराएवढ्या जाडीत डोळ्यांना दिसते. खपली वजन पेलेल असे वाटते आणि ती पेलत नाही, म्हणून आम्ही रुंद फळ्या टाकत पुढे गेलो. इथल्या लोकांना हा प्रकार नवा नाही. फ्लेव्होलँडचे पोल्डर (बांध घालून पाण्यातून काढलेल्या जमिनी) उपसले गेले तेव्हा असल्याच चिखलावर विमानातून देवनळ या उंच पाणगवताचे बी पेरण्यात आले होते, कारण देवनळाची मुळे पाणी शोषून माती पिकवतात आणि तणांनाही दाबतात. तिथे पुढे गहू घ्यायचा होता. इथे काहीच घ्यायचे नाही, तरीही पहिल्या वर्षांत काही भागांत देवनळ मुद्दाम पेरला गेला, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

न पेरता जे आले ते वेगळे होते. दलदलीत उगवणारी, शेवंतीच्या कुळातील एक पिवळ्या फुलांची वनस्पती अशा ताज्या चिखलावर अक्षरशः पसरते. पोल्डर नवे असतानाही तिने मैलोन्‌मैल पिवळे केले होते आणि तिच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडाल्या की बर्फ पडल्याचा भास होई, असे जुनी माणसे सांगतात. माती पिकली की ती नाहीशी होते. ही फुले, पाणकणीस, विलो, देवनळ या साऱ्यांत समान गोष्ट एकच, ती म्हणजे बी वाऱ्यावर तरंगते. पाण्याने वेढलेल्या उघड्या चिखलावर आधी कोण येणार, याचे उत्तर बियांच्या वजनात आहे. ओक किंवा हेझलचे फळ इथे यायला एखादा विसराळू पक्षीच लागेल.

२५ मे २०२४

विलोच्या म्हाताऱ्या उडू लागल्या आहेत. धक्क्याच्या फळ्यांच्या फटींत, बोटीच्या दोरखंडावर, आमच्या कपाळावरच्या घामावर, सगळीकडे तो पांढरा कापूस. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचे भाऊबंद. त्यांचे बी अत्यंत हलके आणि अल्पायुषी असते, काही दिवसांत त्याला उघडी ओली जमीन मिळाली तर चोवीस तासांत ते रुजते, नाही मिळाली तर संपते. म्हणून मेअखेरचे हे दोन-तीन आठवडे संपूर्ण बेटाचे पुढच्या वीस वर्षांचे रूप ठरवतात, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आज याच मुद्द्यावर बराच वेळ चर्चा झाली, आणि ती या वहीतली सर्वांत महत्त्वाची नोंद ठरावी. या काळात चिखल पाण्याखाली ठेवला तर विलो रुजणार नाही. परंतु देवनळाचे बीसुद्धा पाण्याखाली रुजत नाही; त्यालाही हीच उघडी ओली जमीन, जवळपास याच दिवसांत लागते. देवनळ हवा असेल तर पाणी उतरवले पाहिजे, आणि पाणी उतरवले की देवनळाबरोबर विलोही येतो. विलोचे रोप देवनळापेक्षा झपाट्याने वाढते आणि चार-पाच वर्षांत त्याचे रान होते. रान वाईट असते असे नव्हे, पण ते लेलिस्टाटच्या आसपास भरपूर आहे. विस्तीर्ण देवनळ आणि उघडा चिखल यांची या सरोवराला टंचाई होती आणि त्यासाठीच एवढा खटाटोप केला गेला. शिवाय विलोवर कावळे आणि शिकारी पक्षी बसतात, आणि उंच बसण्याची जागा निर्माण झाली की जमिनीवर अंडी घालणारे पक्षी त्या परिसरातून निघून जातात.

गटातील एका ज्येष्ठ सदस्याचे म्हणणे असे, की बेट बांधून झाल्यावर आपण हात बांधून उभे राहावे. विलो आला तर तो निसर्गाचाच निर्णय. मला हे पटत नाही. पाणी उन्हाळ्यात चढवायचे की उतरवायचे हे ठरवणारे सरकारी खाते आहे, चिखलाची उंची ठरवणारा अभियंता आहे, मग त्या दोघांनी आखलेल्या चौकटीत जे उगवेल त्याला निसर्गाचा निर्णय म्हणणे ही सोयीची भाषा झाली. निर्णय आपण आधीच घेतलेले आहेत. आता त्यांची जबाबदारी घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न उरतो. अर्थात प्रत्येक रोप उपटत बसलो तर बेटाची बाग होईल, हे त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही.

शेवटी ठरले ते असे, की ज्या कप्प्यांना दारे आहेत त्यांतील एकात पाणी या आठवड्यात उतरू द्यायचे व दुसऱ्यात जूनच्या मध्यापर्यंत धरून ठेवायचे, आणि फरक पाहायचा. ज्या कप्प्यांचे बांध फोडून ते सरोवराला जोडले आहेत, तिथे आमच्या हाती काहीच नाही.

१५ जून २०२४

न चावणाऱ्या डासांचा हंगाम भरात आहे. संध्याकाळी बांधावर त्यांचे धुरासारखे खांब उभे राहतात आणि त्यांच्या पंखांचा आवाज विजेच्या तारेखाली उभे राहिल्यासारखा एकसुरी ऐकू येतो. बोलायला तोंड उघडण्याची सोय नाही. पाहुण्यांची तक्रार असते, पण हेच या बेटाचे अन्नछत्र आहे. त्यांच्या लाल अळ्या चिखलात वाढतात. बदके व चिखलपक्षी त्या खातात, आणि पंख फुटून वर आल्यावर पाकोळ्या त्यांवर तुटून पडतात. माती सुपीक आणि पाणी उथळ व उबदार, म्हणून अळ्यांचे पीक येते. भाताच्या खाचरात जे घडते, त्यापेक्षा हे फार निराळे नाही.

कलहंस जमले आहेत. या दिवसांत त्यांची पिसे झडतात, जवळजवळ महिनाभर त्यांना उडता येत नाही, म्हणून पाण्याने वेढलेली आणि कोल्हा न पोहोचणारी जागा त्यांना हवी असते. अशी जागा आपणच बांधून दिली आहे. ते देवनळाचे कोवळे कोंब खातात, आणि सवडीने खातात. कुंपण घातलेल्या चाचणी-वाफ्यांची आज दुरुस्ती केली. जाळीच्या आत देवनळ डोक्याच्या वर गेला आहे आणि जाळीला लागून बाहेर कातरलेले खुंट आहेत. सरळ रेषेत, जणू कुणी कात्री चालवली. पाहुण्यांना काही समजावून सांगावे लागत नाही.

मात्र कलहंस हा शत्रू आहे, असे समीकरण मांडणे घाईचे होईल. शेजारच्या ओस्तफार्डरप्लासन या पाणथळीत पिसे झडण्याच्या काळात जमणाऱ्या कलहंसांनीच देवनळाचा पट्टा खाऊन खाऊन उघडा ठेवला, पाण्याचे तुकडे टिकवले आणि त्यामुळे चमचा (स्पूनबिल) यासारख्या पक्ष्यांना जागा उरली. इथे देवनळ अजून कोवळा आहे. तो मुळे धरेपर्यंत कुंपण, पुढे कुंपण काढून टाकायचे, अशी योजना आहे. पाठीराखे व्हायचे, पण कायमचे नाही.

साफ केलेल्या पट्ट्यावर सुरयांची पिल्ले दिसतात. रंग वाळूचाच असल्याने ती हलली तरच कळते.

२० जुलै २०२४

विलो काढण्याचा दिवस. पाणी धरून ठेवलेल्या कप्प्यात विलो तुरळक आहे, उतरवलेल्यात दाट. देवनळाच्या बाबतीतही नेमके हेच प्रमाण आहे. म्हणजे मे महिन्यात जे कागदावर मांडले होते ते चिखलावर उमटले, आणि पेच आहे तिथेच राहिला.

एक वर्षाचे रोप हाताने निघते. अंगठ्याखाली मुळाशी धरून सरळ वर ओढले की गाळ त्याला सोडतो. दोन वर्षांच्या रोपाला कुदळ लागते. त्यापुढच्याला यंत्र, आणि यंत्र या चिखलात चालत नाही. शिवाय उपटलेली काडी ओल्या जमिनीवर टाकली तर तीच पुन्हा रुजते, म्हणून सगळे पोत्यांत भरून बांधावर न्यावे लागते.

दुपारी विश्रांतीच्या वेळी आइसलँडजवळच्या सर्ट्सेचा विषय निघाला. १९६३ च्या नोव्हेंबरात ज्वालामुखीने समुद्रातून वर काढलेले ते बेट शास्त्रज्ञांनी जवळपास कुलूपबंद ठेवले आहे. तिथे एकदा टोमॅटोचे रोप सापडले. कुणा अभ्यागताच्या पोटातून बी आले होते आणि त्याने खडकाआड शरीरधर्म उरकला होता. रोप तातडीने उपटण्यात आले. हसून झाल्यावर लक्षात आले, की तिथे उपटण्याचे कारण अगदी स्पष्ट होते: माणसाने आणलेले ते बाद. इथे तो निकष चालत नाही, कारण इथली जमीनच माणसाने आणलेली आहे. सर्ट्सेवर दोन दशके वनस्पती जेमतेम तग धरून होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर कुरवांची वसाहत वाढली, त्यांच्या विष्ठेने खडकाला खत मिळाले आणि मग हिरवळ पसरली. आमच्याकडे खत पहिल्या दिवसापासून मातीतच आहे, म्हणूनच इथे सारे इतक्या वेगाने घडते आणि थांबून विचार करायला उसंत मिळत नाही.

हात आखडता घेण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ओस्तफार्डरप्लासनचा इतिहासही ध्यानात घ्यावा. १९६८ मध्ये उपसलेल्या पोल्डरचा उद्योगांसाठी राखलेला एक सखल तुकडा पडून राहिला, तिथे पाणथळ तयार झाली आणि पक्षी आले. इथवरची गोष्ट कुणालाही आवडेल अशी आहे. नंतर १९८० च्या दशकात तिथे रानगुरे आणि कोनिक घोडे, १९९२ मध्ये सांबराच्या कुळातील लाल हरणे सोडण्यात आली, आणि त्यांची संख्या निसर्गच ठरवील असे धोरण ठेवले. पण भोवती कुंपण होते. २०१७-१८ च्या हिवाळ्यात अन्न संपले, ३,००० हून अधिक जनावरे मेली, त्यांतली बहुतेक हाल होऊ नयेत म्हणून गोळी घालून मारावी लागली, आणि लोक कुंपणावरून गवताच्या पेंढ्या फेकू लागले. प्रांतिक सरकारने ते धोरण बदलले. कुंपणाच्या आत सोडून देणे आणि मोकळे सोडणे यांत अंतर आहे. बेटावर पक्षी उडून जाऊ शकतात, एवढ्या एका कारणाने आमची स्थिती बरी आहे.

१७ ऑगस्ट २०२४

बेटाच्या आडोशाच्या बाजूला पाणवनस्पतींची पाहणी. वारा अडतो, गाळ खाली बसतो, आणि बाहेर गढूळ असलेले पाणी इथे तळ दिसेल इतके नितळ आहे. दाताळे टाकून ओढले तर पाणवेलींच्या जुड्या वर येतात, त्यांत गोगलगायी आणि बोटभर लांबीचे मासे. खुल्या कप्प्यांतून माशांची पिल्ले आत-बाहेर करतात. प्रकल्पाचा मूळ दावा हाच होता, की बेटांमुळे फक्त बेटांवर नव्हे, तर पाण्यातही बदल होईल. आडोशापुरता तो दिसतो. ७०० चौरस किलोमीटरच्या सरोवराचा गढूळपणा यामुळे गेला, असे मात्र कुणीही म्हणू नये.

चमचे उथळ पाण्यात ओळीने चरत होते. उचाट्यांची बहुतेक मंडळी निघून गेली आहेत.

१४ सप्टेंबर २०२४

नैर्ऋत्येच्या वाऱ्याने पुळण कापली आहे. मार्करमेअरला भरती-ओहोटी नाही, त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावर लाटांचा मारा जसा वर-खाली विभागला जातो, तसा इथे विभागला जात नाही; लाट वर्षभर जवळपास एकाच उंचीवर आपटत राहते, पाण्याखाली एक सपाट पायरी तयार होते आणि तिच्या मागे वाळूचा उभा कडा उरतो. वाळू नष्ट होत नाही, ती काठाने सरकत दुसऱ्या टोकाला जाते. रचनाकारांनी या बाजूला दगड न टाकता वाळूच ठेवली, ती हे गृहीत धरूनच. दगड टाकला असता तर काठ हलला नसता, आणि सरोवराला आधीच असलेल्या दगडी काठांत आणखी एकाची भर पडली असती.

कडा खांद्याच्या उंचीचा आहे. त्याला उतार देऊन टाकावा, कारण पाहुणा वरून पडेल, असे एक मत आले. मी विरोध केला. कड्यात बिळे पाडून घरटी करणाऱ्या पाकोळ्यांना असाच ताजा, उभा आणि झुडपे नसलेला काठ लागतो. नद्या बांधून काढल्यापासून या देशात तो दुर्मीळ झाला आहे आणि ठिकठिकाणी त्यांच्यासाठी भोके पाडलेल्या सिमेंटच्या भिंती उभारल्या जातात. इथे वाऱ्याने तो फुकट करून दिला. पायवाट कड्यापासून मागे सरकवायची आणि दोरी बांधायची, यावर तडजोड झाली. संध्याकाळपर्यंत खुंट ठोकून दोरी बांधून झाली.

१९ ऑक्टोबर २०२४

पुढील हंगामाच्या आखणीची बैठक, पाऊस असल्याने बेटावरच्या लाकडी शेडमध्ये. ठरलेल्या बाबी अशा. वाळू-शिंपल्यांचा पट्टा यापुढेही दरवर्षी उघडा ठेवायचा, आणि हे काम कायमचे आहे हे मान्य करून त्याची तरतूद करायची. दरवर्षी ते शेवटचे म्हणून करण्यात अर्थ नाही. मेमध्ये पाणी उतरवलेल्या कप्प्यात विलो एकदाच, दुसऱ्या वर्षाआधी काढायचा आणि नंतर देवनळाला त्याच्याशी झुंजू द्यायचे. पाणी धरलेला कप्पा पुढच्या वर्षी उतरवून पाहायचा. मागच्या कोपऱ्यातला सर्वांत जुना, विलोने आधीच व्यापलेला तुकडा मात्र कुणीही हात न लावता तसाच सोडायचा, हा प्रस्ताव मेमध्ये माझ्याशी वाद घालणाऱ्या ज्येष्ठ सदस्यांचा होता आणि तो मी उचलून धरला. शेजारी शेजारी एक राखलेला आणि एक सोडलेला असे दोन तुकडे असल्याशिवाय आमच्या वादाला पुरावा मिळणार नाही.

तिरका झालेला मोजपट्टीचा खांब डिसेंबरच्या आत बदलायचा आहे. त्यासाठी सपाट तळाची बोट लागेल. विचारणा केली आहे. कलहंसांच्या कुंपणापैकी दोन वाफ्यांची जाळी मार्चमध्ये उतरवून देवनळ टिकतो का, हे पाहावयाचे. मोजपट्ट्यांचे वर्षभराचे आकडे मी तक्त्यात भरून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संशोधकांकडे पाठवायचे आहेत.